हे पाणी कुणाचं धरायचं?

मे महिन्यात ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला भल्या सकाळी निघावं लागतं. नऊनंतर पुण्यातल्या बाणेरच्या त्या पुलाखाली उभं राहवत नाही. ऊन हे एक कारण झालंच, पण खरं कारण वेगळं आहे. आठ-साडेआठच्या सुमाराला वरच्या अंगाच्या सोसायट्यांमधल्या आंघोळी उरकतात, वॉशिंग मशिनं फिरून थांबतात, आणि तासाभरात राम नदीला साबणाचा पूर येतो. फेस दगडांना अडून थरथरत राहतो. वास आधी लिंबाचा येतो, मग कुजक्या अंड्याचा. सहा-साडेसहाला मात्र ओढा बराच शहाण्यासारखा वागत असतो. पाणी घोटाभर, काळसर, पण तळाचे दगड दिसतात. एखादा धोबी पक्षी शेपटी हलवत काठाकाठानं फिरत असतो. अशाच एका सकाळी मी बाटल्या मांडत होते, तेव्हा काठावरच्या पत्र्यांच्या भिंतीखालून आलेला मनगटाएवढा जाड निळा पाइप दिसला. पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं, तलावाकाठी हसरं जोडपं होतं. पाइपातून काचेसारखं नितळ पाणी जोरात ओढ्यात पडत होतं आणि जिथं पडत होतं तिथं काळ्या पाण्यात हातभर स्वच्छ डोह तयार झाला होता. मी हात घातला. मे महिना असूनही पाणी गार होतं.

तिथला वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होता. पत्र्याच्या कडेला, पाइपाला पडलेल्या भोकातून जी धार गळत होती, तिच्यावर त्यानं मेथीचा एक लहानसा वाफा केला होता. मेथी अशी माजली होती की विचारू नका. मी मीटर बुडवला, आकडा लिहून घेतला, बाटली भरली. मग त्यानंच विचारलं, ‘‘मॅडम, तुमी पाण्याचंच शिकलाय न्हवं? मग येक सांगा. ह्ये पानी कुनाचं धरायचं?’’ प्रश्न तात्त्विक नव्हता. रात्री एक टँकरवाला येऊन त्याला विचारून गेला होता, पाइपाचं तोंड तासभर टँकरकडे वळवलं तर किती घेशील म्हणून. ‘‘मालकाचं आसंल तर मालकाला इचारावं लागंल. सरकारचं आसंल तर नकोच ती भानगड. आन कुनाचंच नसंल तर मग घ्यायला काय हरकत हाय?’’ मी त्याला खडक, भेगा, झरे, खणलेला खड्डा असं सगळं सांगायला लागले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘त्ये झालं कुठनं येतं. कुनाचं त्ये सांगा.’’

मला सांगता आलं नाही.

आमचं सगळं काम ‘कुठनं’चं. शहरातला ओढा उन्हाळ्यात वाहतो तेव्हा त्यातलं कुठलं पाणी किती, हे शोधायचं. पुण्यासारख्या ठिकाणी संशयित चार: पावसाचं, खडकात मुरून हळूहळू बाहेर आलेलं, धरणातून नळानं आलेलं पण गळक्या वाहिनीतून जमिनीत गेलेलं, आणि आपण वापरून टाकलेलं. चारही पाणीच, दिसायला कधीकधी अगदी सारखं. मग त्यांच्या अंगावरच्या खुणा पाहायच्या. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून त्यात क्षार किती ते कळतं. पावसाच्या पाण्यात ते सगळ्यात कमी, खडकवासला धरणाच्या पाण्यात थोडे जास्त, खडकात राहून आलेल्या पाण्यात कितीतरी पट. पण सांडपाणीही क्षारानं भरलेलं, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. आपण खातो ते मीठ शरीरातून जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे क्लोराइड वाढलं की माणसाचा माग लागतो. अमोनिया सापडला तर सांडपाणी ताजं. तेच जमिनीतून, हवेच्या संगतीनं झिरपत आलं असेल तर जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करून टाकतात. हे सगळं मी वर्गात फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू हातात न घेताही बोटं वळतात. त्या पाइपाच्या पाण्यात अमोनिया जवळजवळ नव्हता आणि नायट्रेट भरपूर होतं. मेथी का माजली होती ते प्रयोगशाळेत कळलं. पुढच्या खेपेला मी त्याला सांगितलं की भाजीला घाला, पण पिऊ नका. तो म्हणाला, ‘‘पितो कोन? आमी बिसलेरीचा जार आणतो.’’

माझ्या आजोबांची विहीर पुरंदर तालुक्यात होती. ती खणली तेव्हा मी लहान होते, पण दगडमाती वर ओढणाऱ्या यारीचा कर्रकर्र आवाज अजून कानात आहे. वर यारी, खाली माणसं, दुपारी सुरुंग उडायचे तेव्हा आम्हा पोरांना गोठ्याच्या पलीकडे नेऊन बसवायचे. त्याआधी पाणाड्या येऊन गेला होता. उंबराची बेचकी घेऊन तो शेतभर फिरला आणि आजोबांनी आधीच मनात धरलेल्या जागेवरच ती बेचकी फिरली. याचं आजीला काही आश्चर्य वाटलं नाही. विहीर परसा-परसानं खाली गेली. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या. बारीक बारीक पोकळ्यांचा, पोकळ्यांत पांढरे खडे बसलेला तो ठिसूळ खडक लागला तेव्हा सगळे खूश झाले, कारण त्याच्या अंगातून घाम फुटल्यासारखं पाणी यायला लागलं. त्याखाली काळा पाषाण लागला आणि बोलणं थांबलं. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सरांनी दख्खनच्या पठाराचा छेद काढला, लाव्ह्याचे थर एकावर एक, भाकऱ्यांची चवड रचावी तसे, प्रत्येक थराचा वरचा भाग पोकळ्यांचा आणि खालचा घट्ट, मध्येच कुठे गेरूची तांबडी रेघ, तेव्हा मला वाटलं, हे तर माझं बघून झालंय.

पुस्तकानं त्यात भर घातली ती एका आकड्याची. आपल्या या खडकात, अगदी झिजलेला, भेगाळलेला असला तरी, उपसून हाती येईल असं पाणी साधारण एक ते तीन टक्के. दोन धरू. म्हणजे शंभर मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं की विहिरीची पातळी पाच मीटरनं चढणार. ऐकायला केवढं छान! पण हिशेब उलटाही तसाच चालतो. शंभर मिलिमीटर उपसलं की पाच मीटर खाली. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात असं होत नाही, तिथं पोटात जागा खूप. आपला खडक श्रावणातच भरून तुडुंब होतो, मग जमीन उपळायला लागते, उताराला झरे फुटतात, ओढ्याला नितळ पाणी सुटतं. आणि होळीपर्यंत बहुतेक सगळं संपतं. डोंगराच्या पायथ्याचा एखादा जिवट झरा सोडला तर चैत्रात ओढा कोरडा पडणं हे इथलं जुनं वळण आहे. म्हणून कुणी अभिमानानं ‘आमचा ओढा आता बारा महिने वाहतो’ असं म्हणालं की मला त्या माणसाची कीव येते, आणि लगेच स्वतःचा रागही येतो. वाहतं पाणी बघून बरं वाटायला भूशास्त्राची परवानगी लागत नाही.

राम नदी भूकूमजवळच्या खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते. तिथून भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर करत ती औंधाकडे मुळेला मिळते. सगळी मिळून अठरा-एकोणीस किलोमीटर. मुलांना पहिल्या वर्षी मी ती चालायला लावते, वरून खाली, पावसाळा संपताना. वरती पाणी खरंच ओढ्यासारखं असतं. दगडांवर शेवाळ, खाली खेकड्यांची बिळं, कडेला करंज. दगड उलटा केला की चपटे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे बालकीटक पळतात आणि मुलं ओरडतात. बावधनला पोचेपर्यंत किनाऱ्याला भिंती येतात. पाषाणच्या खाली दगड उलटला की सापडतात त्या लाल अळ्या, धाग्यासारख्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळातही त्या जगतात. मीटरनं आकडा काढण्याआधीच त्या निकाल सांगून मोकळ्या होतात. मध्ये पाषाण तलाव लागतो. तो बांधला ब्रिटिशांनी, १८६० च्या दशकात, गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसला पाणी पुरवायला. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. एके काळी ज्या ओढ्याचं पाणी गव्हर्नर पीत होता, त्याच ओढ्याचे नमुने घेताना त्याच विद्यापीठातली मुलं आज रबरी हातमोजे घालतात. मुलांना ही गंमत वाटत नाही. त्यांना एवढंच विचारायचं असतं की हातमोजे फाटले तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल का.

पावसाळ्यातलं काम मात्र त्यांना आवडतं, कारण त्यात धावपळ असते. पूर मोजायचा तर तो चढत असताना गाठावा लागतो, आणि शहरातला पूर फार थांबत नाही. डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, छपरं यांच्यावर पडलेल्या पाण्याला मुरायला जागाच नसते. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पाणी मोजपट्टीवर हात-दोन हात चढतं आणि पाऊस थांबल्यावर तितक्याच लगबगीनं उतरतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतलं पाणी सगळ्यात वाईट. रस्त्यावर आठ महिने साठलेलं तेल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण, गुटख्याच्या पुड्या, सगळं त्या पहिल्या लोंढ्यात येतं. रंग काळा, वर तवंग. मग हळूहळू तो मातकट होतो, आणि क्षारांचा आकडा धडाधड उतरतो. वेग मोजायला आमच्याकडे यंत्र आहे, पण लोंढ्यात ते उतरवणं धोक्याचं, म्हणून जुनी रीत: तरंगती वस्तू सोडायची, ठरावीक अंतर जायला तिला किती सेकंद लागतात ते बघायचं आणि आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं, कारण पृष्ठभाग तळापेक्षा वेगानं धावतो. वस्तू विकत आणावी लागत नाही. निर्माल्यातले नारळ येतच असतात. ‘‘मॅडम, नारळ!’’ असं पोरगं ओरडतं आणि दुसरं घड्याळ दाबतं. पुलावर रेनकोट घालून उभं राहिलं की जाणारे-येणारे थांबतात. ‘‘पालिकेचे का?’’ नाही म्हटलं तरी तक्रार सांगतातच. एक काका रोज यायचे. त्यांनी एकदा फार शांतपणे विचारलं, ‘‘मोजून काय होणार?’’

त्या काकांना उत्तर द्यायला माझ्या मनात २०१९ च्या २५ सप्टेंबरची पुराची रात्र होती, पण मी ती बोलून दाखवली नाही. पुण्यातल्या कुणालाही ती सांगावी लागत नाही. आंबिल ओढा, टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, एकमेकांवर चढलेल्या गाड्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच वाक्य होतं, ‘इथं ओढा आहे हेच माहीत नव्हतं.’ नकाशावर निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण रेषा काढायला आकडे लागतात, पाऊस किती पडला याचे आणि ओढ्यातून किती गेलं याचे. पावसाचे आकडे पुण्यात दीडशे वर्षांच्या घरात जातात. ओढ्यांचे जवळजवळ नाहीतच. मोठ्या नदीवर मोजणी केंद्र असतं, ओढ्याला कोण विचारतो? मग सूत्रं वापरायची, जमिनीचा प्रकार अमुक, उतार तमुक असं धरायचं. ज्या वर्षी सूत्र बसवलं त्या वर्षी टेकडीवर गवत होतं, आता तिथं पेव्हर ब्लॉक आहेत. म्हणून मोजायचं, काका.

रात्री वाचायला घेतलेले शोधनिबंध मला कधी दिलासा देतात, कधी खट्टू करतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९९७ पासून एकाच खोऱ्यातल्या ओढ्यांची दीर्घ मोजणी चालू झाली. त्या मंडळींना एक विचित्र गोष्ट सापडली. ओढ्याकाठची ओली जमीन नायट्रेट खाऊन टाकते असा जुना, पक्का समज होता. शहरात मात्र पावसाचे लोंढे ओढ्याचा तळ खरवडत नेतात, ओढा खोल जातो, त्याच्यामागे काठाखालची भूजलपातळीही खाली जाते. वरची माती कोरडी पडते आणि नायट्रेट खायचं थांबवते. म्हणजे पावसाचं पाणी गटारात घालून झटपट घालवण्याचा परिणाम भूजलावर, आणि त्याचा पुन्हा ओढ्यावर. दुसरी गोष्ट सिएटलच्या बाजूची. तिथल्या शहरी ओढ्यांत पाऊस पडला की अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे तडफडून मरायचे. वर्षानुवर्षं कारण कळेना. २०२० मध्ये तिथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी गुन्हेगार धरला: टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात घालतात त्या रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे तयार होणारा पदार्थ, ६पीपीडी-क्विनोन. वाचून मी बराच वेळ बसून राहिले. सोमेश्वरवाडीतल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, पूर्वी मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे यायचे, पोरं पाट्या घेऊन पाण्यात उतरायची. आता पहिल्या पावसानंतर आपल्या नद्यांत मासे उलटे होऊन तरंगतात. आपल्याकडे संशय घ्यायला इतकी कारणं आहेत, गाळ ढवळून प्राणवायू संपणं हे त्यात सगळ्यात पुढे, की टायरपर्यंत पोचायला आपल्याला अजून खूप घाण बाजूला सारावी लागेल. त्यांचा गुन्हेगार इतका नाजूक होता याचा मला, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

पण वॉचमनचा प्रश्न. तो असा मध्येच येऊन बसायचा, भाजी निवडताना, वर्गात, झोपताना. पत्र्यांच्या आत तीन मजली तळघर खणलं जात होतं, पार्किंगसाठी. तळघर भूजलपातळीच्या खाली गेलं की खड्ड्यात चहूबाजूंनी पाणी येतं, आणि काँक्रीट पडून वरचं वजन चढेपर्यंत ते रात्रंदिवस उपसावं लागतं. मी वीस लिटरची बादली पाइपाखाली धरली. चार सेकंदांत भरली. सेकंदाला पाच लिटर, म्हणजे दिवसाला सव्वाचार लाख लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे त्रेचाळीस टँकर. पुलाच्या पलीकडच्या सोसायटीत त्याच आठवड्यात टँकर येत होते, कारण त्यांची बोअर आटली होती. दोन्हींमध्ये अंतर दगड फेकण्याएवढं. बोअर त्या खड्ड्यामुळेच आटली असं मी म्हणणार नाही. खडकातल्या भेगा कुणाच्या सोयीनं धावत नाहीत, आणि एका उन्हाळ्याच्या आकड्यांवर तसं म्हणणं हा उतावळेपणा झाला. पण म्हणावंसं वाटलं, हे मात्र खरं.

कायद्यात बघितलं. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये जमीनमालकाच्या हक्कांचं उदाहरण दिलंय: ठरावीक प्रवाहमार्ग नसलेलं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत त्यानं गोळा करावं, त्याची विल्हेवाट लावावी. ठरावीक मार्गानं वाहणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कुणी तरी पाण्याचे असे दोन भाग केले, ठरल्या वाटेनं जाणारं आणि वाट न ठरलेलं. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम आहे, त्यात अधिसूचित क्षेत्रात उपशावर बंधनं घालता येतात. पण खड्ड्यात नको असताना आलेलं पाणी हा उपसा आहे की अडचण? पाइपाच्या त्या टोकाला ते मालकाचं होतं, या टोकाला सरकारच्या ओढ्यात. मधल्या हवेत, त्या हातभर धारेत, ते कुणाचं? वॉचमन नेमकं तिथंच उभं राहून विचारत होता.

आणि ‘कुठनं’ तरी कुठं सरळ होतं? खड्डा ओढ्यापासून इतका जवळ की ओढ्याचंच पाणी काठातून झिरपून खड्ड्यात येत असणार. खडकातून गाळलं जातं, अमोनियाचं नायट्रेट होतं, पंपानं वर येतं आणि पुन्हा त्याच ओढ्यात पडतं. त्यात मूळ झऱ्याचं पाणी मिसळतं. कदाचित रस्त्याखालच्या नळाच्या गळतीचंही. धरणाचं पाणी उघड्यावर तापलेलं, पाण्यातला ऑक्सिजन काही हलका, काही जड असतो, बाष्पीभवनात हलका आधी उडून जातो, जड थोडा जास्त मागे राहतो, त्यामुळे नळाच्या पाण्यावर तलावाची खूण उरते. ती तपासायला लहान बाटली काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरावी लागते, आणि ज्या संस्थेकडे यंत्र आहे तिथल्या रांगेत आपला नंबर यायची वाट बघावी लागते. मी वाट बघतेय. वॉचमनला हे मी त्याच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, की यात थोडं खडकवासल्याचं असेल, थोडं पावसाचं, थोडं ह्या सोसायट्यांचं. तो करमाळ्याकडचा, त्याच्या आज्याचं गाव उजनीच्या धरणात गेलेलं. त्यानं विचारलं, हितनं पुढं कुठं जातं? मी सांगितलं: मुळा, मग संगमावर मुठा, मग भीमा, मग उजनी. तो हसला. ‘‘म्हंजी आमच्याकडंच चाललंय की. मग इकायचं कशाला?’’ टँकरवाल्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

पाण्यावरच्या सभांना मला हल्ली बोलावतात. पुण्यात अशा सभेत कात्रजच्या नळाचं नाव निघाल्याशिवाय चहा येत नाही. नानासाहेब पेशव्यांनी डोंगराखालून पाणी आणलं, हवेसाठी जागोजागी उच्छ्वास बांधले, शहरात हौद भरले, आणि आपण बघा! हे ऐकताना मी कंटाळते, कारण तो नळ हा आंबिल ओढ्याचं पाणी वरच अडवून दुसरीकडे नेण्याचाच उद्योग होता. उत्तम बांधलेला, पण ओढ्यावर प्रेम वगैरे त्यात काही नव्हतं. गेल्या सभेत सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पुनर्भरणाचा खड्डा करूच, पण गच्चीच्या पाण्याबरोबर पार्किंगचंही आत सोडू, जास्त मुरेल. मी म्हटलं, गच्चीचं सोडा, पहिल्या पावसाचं वगळून. पार्किंगचं तेल आणि टायरची भुकटी थेट बोअरमध्ये घालू नका, जमिनीखालचं धुता येत नाही. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही लोक एक सांगता, दुसरे एक सांगतात. शेवटी बोअर आणखी दोनशे फूट खाली न्यायची ठरली.

माझा एक विद्यार्थी, नारळावर घड्याळ दाबणारा, एका सल्लागार कंपनीत लागला. तळघरांचं पाणी किती उपसावं लागेल, कुठले पंप, किती दिवस, हे काढून देणं हे त्याचं काम. पेढे घेऊन आला तेव्हा मी मनापासून खूश झाले, मग तो गेल्यावर जरा कमी. मध्यंतरी त्याचा फोन आला: ‘‘मॅडम, बाणेरला एक साइट आहे, तुमच्याकडे त्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पातळ्या आहेत ना?’’ आहेत. लोकांच्या पैशानं मोजलेल्या आहेत, अडवून ठेवण्याचा मला हक्क नाही. मी विचारलं, उपसलेलं कुठं सोडणार? ‘‘स्टॉर्मवॉटरच्या गटारात, मॅडम. दुसरं कुठं?’’ मग आमचं ठरलं. मी पातळ्या द्यायच्या, त्यानं रोजच्या उपशाचा आकडा पाठवायचा, आणि त्याच्या ओळखीनं शेजारच्या दोन साइटचाही. मालकाला विचारलंय म्हणाला. आकडे येतात. बेरीज करून बघितली, तर मे महिन्यात बाणेरच्या पुलाखालून जे काही जरा बरं पाणी जातं, त्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा या पंपांचाच निघतो. तळघरं पुढच्या वर्षी बांधून होतील, पंप बंद पडतील, ओढ्यात उरेल ते निव्वळ नऊ वाजताचं पाणी. माझ्या आलेखात त्या वर्षी क्लोराइड एकदम वर जाईल, प्रवाह एकदम खाली येईल. पाच वर्षांनी कुणी तो आलेख उघडला तर म्हणेल, या साली भूजल आटलं. म्हणून आताच तक्त्याखाली टीप लिहून ठेवली आहे, कुठला पंप कुठल्या तारखेला सुरू झाला त्याची. बंद झाल्याच्या तारखा तो कळवणार आहे.